सहाध्यायी : डॉ. मेघनाद साहा यांच्या विद्यार्थिजीवनाची कथा

वसतिगृहात राहून शिकलेल्या माणसाला दोन गोष्टी आयुष्यभर आठवतात. आपण कोणाच्या शेजारी बसून जेवलो आणि कोणाच्या शेजारी बसून अभ्यास केला. पंगत आणि अभ्यास यांचे हे नाते आपल्या संस्थेत वाढलेल्या विद्यार्थ्याला इतके सवयीचे असते की त्यात विशेष असे काही आहे, हे त्याच्या ध्यानातही येत नाही. परंतु शंभर वर्षांपूर्वी कलकत्त्यात एका विद्यार्थ्याला वसतिगृहाच्या पंगतीत जागा नाकारण्यात आली, आणि त्याच शहरात, त्याच महाविद्यालयाच्या वर्गात, त्याला जन्मभराचा सहाध्यायी लाभला. तो विद्यार्थी म्हणजे थोर खगोलभौतिकशास्त्रज्ञ डॉ. मेघनाद साहा, आणि त्यांचे सहाध्यायी म्हणजे सत्येंद्रनाथ बोस. साहांच्या शोधाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांचा अभ्यास कसा घडला, कोणाच्या सोबतीने घडला, हे मात्र आपल्या विद्यार्थ्यांना आणि पालकांना मुद्दाम सांगावेसे वाटते.

मेघनाद यांचा जन्म ६ ऑक्टोबर १८९३ रोजी ढाका जिल्ह्यातील शेवडातली या खेड्यात झाला. वडील जगन्नाथ साहा यांचे किराणा मालाचे लहानसे दुकान होते. आठ भावंडांत मेघनाद पाचवे. त्यांची जात त्या काळच्या बंगाली समाजात खालच्या पायरीची गणली जाई. मुलाने अक्षरओळख करून घ्यावी, हिशेब शिकावा आणि दुकानावर बसावे, यापलीकडे वडिलांची अपेक्षा नव्हती, आणि घरची स्थिती पाहता ती अवाजवीही नव्हती. गावातील प्राथमिक शाळा संपली तेव्हा पुढची शाळा कित्येक मैलांवर सिमुलिया गावी होती. तिथे राहण्याची सोय परवडणारी नव्हती. थोरले बंधू जयनाथ यांनी खटपट करून सिमुलियाचे डॉक्टर अनंतकुमार दास यांना गाठले. डॉक्टरांनी मुलाला घरात ठेवून घेतले. मुलाने आपली ताटवाटी आपण धुवावी आणि घरच्या गाईची देखभाल करावी, एवढीच अट होती. मेघनादाने ती आनंदाने पाळली आणि शाळेच्या परीक्षेत संपूर्ण ढाका जिल्ह्यात पहिला क्रमांक मिळवला.

या यशाने त्याला दरमहा चार रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. तागाच्या कंपनीत वीस रुपये पगारावर काम करणारे जयनाथ त्यातले पाच रुपये धाकट्या भावाला पाठवीत. वैश्य समितीकडून दोन रुपये येत. असे अकरा रुपये घेऊन मेघनाद १९०५ मध्ये ढाक्याच्या सरकारी कॉलेजिएट स्कूलमध्ये दाखल झाला. त्याच वर्षी बंगालची फाळणी झाली. गव्हर्नर फुलर यांच्या शाळाभेटीवर काही विद्यार्थ्यांनी बहिष्कार घातला, त्यात हा बारा वर्षांचा मुलगाही होता. त्याला शाळेतून काढण्यात आले आणि शिष्यवृत्तीही गेली. किशोरीलाल ज्युबिली स्कूल या खासगी शाळेने त्याला फी माफ करून प्रवेश दिला, म्हणून शिक्षण तुटले नाही. १९०९ च्या प्रवेश परीक्षेत तो पूर्व बंगालात पहिला आला. पुढे ढाका कॉलेजात इंटरमीजिएटला असताना त्याने जर्मन भाषा शिकून घेतली. त्या वयात तो केवळ परीक्षेचा एक जादा विषय होता. पुढे त्याच भाषेने दोन मित्रांच्या अभ्यासाचे दार उघडले.

१९११ मध्ये साहा कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात बी.एस्सी.साठी आले. तो वर्ग भारतीय विज्ञानाच्या इतिहासात गाजलेला आहे. सत्येंद्रनाथ बोस, ज्ञानचंद्र घोष आणि ज्ञानेंद्रनाथ मुखर्जी हे सहाध्यायी. रसायनशास्त्राला आचार्य प्रफुल्लचंद्र राय, पदार्थविज्ञानाला जगदीशचंद्र बसू, गणिताला डी. एन. मल्लिक आणि कलिस असे गुरुजन. वर्ग असा संपन्न होता, पण वसतिगृह तसे नव्हते. साहा ईडन हिंदू हॉस्टेलमध्ये राहत. तेथील काही उच्चवर्णीय विद्यार्थ्यांनी त्यांच्यासोबत एका दालनात जेवण्यास हरकत घेतली. सरस्वतीपूजेच्या दिवशी विद्येच्या देवतेपुढे जाण्यासही त्यांना अडवण्यात आले. जो विद्यार्थी ज्ञानासाठी अर्धपोटी राहून खेड्यातून इथवर आला, त्यालाच विद्येच्या दारातून मागे सारले गेले. पुढे साहा ते वसतिगृह सोडून मित्रांसमवेत खासगी मेसमध्ये राहू लागले. हा अपमान ते विसरले नाहीत. जातिभेदाविरुद्ध त्यांचे मत अखेरपर्यंत कठोर राहिले, त्याची मुळे या दिवसांत आहेत.

इथेच सहाध्यायी या शब्दाचा अर्थ उलगडू लागतो. सत्येंद्रनाथ बोस कलकत्त्याचे, साहांपेक्षा तीन महिन्यांनी लहान, १ जानेवारी १८९४ चा जन्म. वडील रेल्वेच्या नोकरीत, घर सुशिक्षित, जात कायस्थ, शिक्षण प्रख्यात हिंदू स्कूलमध्ये झालेले. दोघांमध्ये जातीचे, पैशाचे आणि शहर-खेड्याचे अंतर होते. शिवाय स्पर्धाही होती. इंटरमीजिएटला बोस पहिले, साहा तिसरे. १९१३ मध्ये बी.एस्सी.ला गणितात बोस पहिले, साहा दुसरे. १९१५ मध्ये एम.एस्सी.लाही मिश्र गणितात तोच क्रम कायम राहिला. सतत पहिला येणारा आणि सतत त्याच्या मागे राहणारा, यांच्यात तेढ निर्माण होणे सोपे होते. तसे झाले नाही. जे वसतिगृहाच्या भोजनगृहात घडू शकले नाही, ते गणिताच्या पुस्तकापुढे घडले. तिथे दोघे एका पंगतीला बसले.

त्यांचा विषय होता मिश्र गणित, म्हणजे निसर्गाला लावलेले गणित. या शास्त्राचा प्राण अवकल समीकरणांत असतो. साध्या समीकरणात एखादी अज्ञात संख्या शोधायची असते. अवकल समीकरणात बदलाचा वेग दिलेला असतो आणि त्यावरून बदलणारी राशी कशी वाटचाल करील, ते शोधायचे असते. तापलेले भांडे भोवतालच्या हवेपेक्षा जितके अधिक उष्ण, तितके ते लवकर निवते, एवढेच ठाऊक असले तरी घटकाभराने त्याचे तापमान किती असेल, हे सांगता येते. ग्रहांची गती, तारेचे कंपन, उष्णतेचे वहन, वायूंची घडामोड, सारे याच भाषेत मांडले जाते. ही भाषा एकट्याने शिकणे कठीण. उत्तर जुळले म्हणजे अर्थ कळला, असा भ्रम तिच्यात फार सहज होतो. समीकरण सोडवण्याची रीत पाठ होते, पण ते समीकरण मुळात का मांडले, हे निसटते. आपण पुसट ठेवलेली पायरी दुसऱ्याला समजावून सांगताना उघडी पडते. म्हणून या विद्येला शिक्षकाइतकीच सोबत्याचीही गरज असते.

शिक्षण संपल्यावर साहांपुढे पोटाचा प्रश्न उभा राहिला. सरकारी वित्त सेवेच्या परीक्षेला बसण्याची त्यांची इच्छा होती. परंतु क्रांतिकारकांशी संबंध असल्याचा संशय पोलिसांना होता, म्हणून परवानगी नाकारली गेली. धाकट्या भावाच्या शिक्षणाचाही भार होता. शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सायकलवर हिंडून ते खासगी शिकवण्या करीत. अशा वेळी सर आशुतोष मुखर्जी यांचा आधार मिळाला. कलकत्ता विद्यापीठाचे हे धुरंधर व्यवसायाने न्यायाधीश असले तरी मुळात गणिती होते, आणि तरुणपणी त्यांनी अवकल समीकरणांवरच संशोधनपर लेख लिहिले होते. तारकनाथ पालित आणि रासबिहारी घोष यांच्या देणग्यांतून त्यांनी विज्ञान महाविद्यालय उभारले होते. नव्या काळातील गणित व पदार्थविज्ञान येथे शिकवले जावे, असा आग्रह घेऊन साहा, बोस आणि त्यांचे तरुण सहकारी त्यांच्याकडे गेले. आशुतोषबाबूंनी जबाबदारी त्यांच्यावरच टाकली. १९१६ मध्ये दोघेही तेथे अधिव्याख्याते झाले. प्रथम गणित विभागात नेमणूक झाली, पण तेथे मन रमले नाही, आणि लवकरच दोघे पदार्थविज्ञान विभागात गेले.

आता खरी अडचण पुढे आली. ज्यांना शिकवायचे होते, त्यांनाच तो विषय कोणी शिकवलेला नव्हता. पदवीपलीकडचे पदार्थविज्ञान दोघांनीही वर्गात अभ्यासले नव्हते. पुंज सिद्धांत आणि सापेक्षता सिद्धांत युरोपात नुकतेच आकाराला येत होते. त्यांवरची पुस्तके जर्मन भाषेत, आणि पहिले महायुद्ध सुरू असल्याने जर्मनीतून पुस्तके व नियतकालिके येणे बंद. कलकत्त्यात त्यांना शिकवू शकेल असा गुरू नव्हता. तेव्हा दोघांनी एकमेकांना गुरू केले. शिबपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात ब्रूल नावाचे प्राध्यापक होते. त्यांच्या खासगी संग्रहात प्लांक, बोल्ट्झमान आदींचे ग्रंथ होते, ते बोस यांनी मिळवले. साहांचे जर्मन पक्के होते, बोस ती भाषा शिकू लागले. कामाची वाटणीही झाली. साहांनी पुंज सिद्धांताकडे, बोस यांनी सापेक्षतेकडे अधिक लक्ष द्यावे असे ठरले. एकाने वाचलेले दुसऱ्याला सांगावे आणि दोघांनी मिळून विद्यार्थ्यांना शिकवावे, असा तो क्रम होता.

या सहाध्ययनाची फळे लवकरच दिसू लागली. १९१८ मध्ये लंडनच्या फिलॉसॉफिकल मॅगझिनमध्ये दोघांच्या नावे एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. वायूचे रेणू म्हणजे केवळ बिंदू नसून ते थोडी तरी जागा व्यापतात, हे लक्षात घेऊन दाब, आकारमान व तापमान यांचा संबंध कसा मांडावा, हा त्याचा विषय. १९२० मध्ये आइन्स्टाइन आणि मिन्कोव्हस्की यांच्या सापेक्षतेवरील मूळ जर्मन निबंधांचा दोघांनी केलेला इंग्रजी अनुवाद कलकत्ता विद्यापीठाने पुस्तकरूपाने छापला. त्याची ऐतिहासिक प्रस्तावना प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी लिहिली. इंग्रजीतील असा हा पहिला संग्रह. तो लंडनमध्ये किंवा केंब्रिजमध्ये तयार झाला नाही, तर विशीतल्या दोन बंगाली तरुणांनी परस्परांना शिकवता शिकवता तयार केला, ही गोष्ट आपण अभिमानाने लक्षात ठेवावी.

दरम्यान साहांकडे एम.एस्सी.च्या वर्गाला ऊष्मागतिकी शिकवण्याचे काम होते. शिकवण्यासाठी शिकत असताना एगर्ट या जर्मन शास्त्रज्ञाचा ताऱ्यांच्या अंतर्भागाविषयीचा लेख त्यांच्या वाचनात आला. प्रचंड उष्णतेने अणूतून इलेक्ट्रॉन सुटतात, या घटनेला एगर्टने रासायनिक विघटनाचा नियम लावला होता. तापमान वाढताना रासायनिक समतोल कोणत्या गतीने सरकतो, हे सांगणारे ते एक अवकल समीकरणच. पण एगर्टच्या मांडणीत एक उणीव होती. इलेक्ट्रॉन सोडवण्यासाठी प्रत्येक मूलद्रव्याला किती ऊर्जा लागते, याची खरी मापे त्यात नव्हती. प्रयोगशाळांतून ती मापे एव्हाना उपलब्ध होऊ लागली होती, हे साहांना ठाऊक होते. त्यांनी ती त्या समीकरणात घातली आणि तापमान व दाब यांवरून किती अणू आयन बनलेले असतील, हे सांगणारे सूत्र मिळवले. तेच आज जगभर साहा समीकरण म्हणून ओळखले जाते.

या एका सूत्राने अनेक कोडी सुटली. सूर्याच्या वर्णावरणात आयनीभूत कॅल्शियमच्या रेषा फार उंचीवरही ठळक दिसतात, त्या का? तेथे दाब अत्यल्प असतो, आणि दाब कमी झाला की सुटलेला इलेक्ट्रॉन पुन्हा अणूला भेटण्याची शक्यता कमी होते. रुबिडियमसारखी मूलद्रव्ये सूर्याच्या वर्णपटात का दिसत नाहीत? त्यांचा इलेक्ट्रॉन इतका सैल असतो की सूर्याच्या उष्णतेत त्यांचे बहुतेक अणू आयन बनतात. तुलनेने थंड अशा सौर डागांत ती दिसावीत, असे साहांनी सांगितले, आणि पुढे अमेरिकेत हेन्री रसेल यांना डागांच्या वर्णपटात रुबिडियम आढळले. ताऱ्यांचे निरनिराळे वर्णपट मुख्यतः तापमानामुळे वेगळे दिसतात, हेही स्पष्ट झाले. १९२५ मध्ये सेसिलिया पेन या विदुषीने याच समीकरणाच्या आधारे तारे प्रामुख्याने हायड्रोजनचे बनलेले असल्याचे दाखवून दिले.

हे काम कलकत्त्यातच झाले होते. त्यानंतर प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्तीमुळे साहांना युरोपला जाता आले. मुंबईकरांना राजाबाई टॉवरमुळे परिचित असलेल्या याच दानशूर व्यापाऱ्याने कलकत्ता विद्यापीठालाही देणगी दिली होती. लंडनमध्ये फाउलर आणि बर्लिनमध्ये नर्न्स्ट यांच्या प्रयोगशाळांत काम करून साहा १९२१ अखेर परतले. १९२३ मध्ये ते अलाहाबादला गेले आणि पंधरा वर्षे तेथे राहिले. १९२७ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. बोस १९२१ मध्येच नव्या ढाका विद्यापीठात गेले होते. म्हणजे साहांच्या जिल्ह्यात बोस आणि बोस यांच्या शहरापासून दूर साहा, अशी ताटातूट झाली.

परंतु खऱ्या सहाध्यायींचे अध्ययन अंतराने थांबत नाही. १९२४ च्या मार्चमध्ये साहा ढाक्याला गेले आणि बोस यांच्याकडे उतरले. प्लांकच्या प्रारणाच्या नियमाची प्रचलित सिद्धता वर्गात शिकवताना बोस यांना समाधान वाटत नव्हते. पाउली, तसेच आइन्स्टाइन आणि एरनफेस्ट यांनी त्या विषयावर नुकत्याच लिहिलेल्या निबंधांकडे साहांनी मित्राचे लक्ष वेधले आणि दोघांची चर्चा झाली. काही आठवड्यांत बोस यांना नवी सिद्धता सापडली. जूनमध्ये त्यांनी ती आइन्स्टाइनकडे पाठवली. आइन्स्टाइनने स्वतः तिचा जर्मन अनुवाद करून ती प्रसिद्ध केली, आणि बोस यांचे नाव विज्ञानात अमर झाले. शोध निःसंशय बोस यांचाच. पण योग्य वेळी योग्य वाचन पुढे ठेवणारा मित्र घरी मुक्कामाला होता, हेही तितकेच खरे. ज्याला स्वतःला आधीच कीर्ती लाभली आहे, त्याने मित्राच्या अडलेल्या प्रश्नात असे मन घालावे, यातच त्या मैत्रीची परीक्षा होती.

साहांचे पुढील आयुष्य समाजाकडे वळले. १९३४ मध्ये मुंबईत भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसचे ते अध्यक्ष होते. बालपणापासून पूर पाहिलेल्या या माणसाने नद्यांच्या नियोजनाचा ध्यास घेतला. १९४३ च्या दामोदर महापुरानंतर नेमलेल्या चौकशी समितीचे ते सदस्य होते, आणि अमेरिकेतील टेनेसी खोऱ्याच्या धर्तीवर संपूर्ण खोऱ्याचा एकत्रित विकास व्हावा, असा त्यांचा आग्रह होता. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचा भार सांभाळणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीच ती योजना शासनपातळीवर पुढे नेली, आणि १९४८ मध्ये दामोदर व्हॅली कॉर्पोरेशन अस्तित्वात आले. पंगतीतून उठवल्या गेलेल्या दोन विद्वानांचे श्रम असे एका नदीवर एकत्र आले, हे आपल्या वाचकांनी अवश्य ध्यानात ठेवावे.

१९५२ मध्ये साहा अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून आले. त्याच वर्षी बोस राज्यसभेचे सदस्य झाले. प्रेसिडेन्सी कॉलेजातील एका वर्गात बसलेले दोन मित्र चाळीस वर्षांनी संसदेच्या दोन सभागृहांत बसले. १६ फेब्रुवारी १९५६ रोजी दिल्लीत नियोजन आयोगाच्या कार्यालयाकडे जात असताना हृदयविकाराने साहांचे निधन झाले. बोस त्यांच्यानंतर अठरा वर्षे जगले.

साहांना बुद्धी होती, जिद्द होती आणि जयनाथांसारखा भाऊ होता. तरीही एकाकी बुद्धी किती दूर जाऊ शकली असती, याचा विचार करावा. अनंतकुमार दासांचे घर नसते तर शाळा नव्हती. सत्येंद्रनाथांची सोबत नसती तर कलकत्त्याच्या त्या गुरुविहीन दिवसांत नवे विज्ञान आत्मसात करणे फार अवघड झाले असते. आणि जातीकडे पाहून दोघांपैकी एकाने जरी पाठ फिरवली असती, तर नुकसान एका विद्यार्थ्याचे नव्हे, विज्ञानाचे झाले असते.

आपल्या मुलांना चांगली शाळा, चांगली पुस्तके, चांगला शिकवणीवर्ग मिळावा, म्हणून पालक जिवाचे रान करतात. त्यांनी एक प्रश्न आणखी विचारावा : माझे मूल कोणासोबत अभ्यास करते आणि त्याला काय देते? माजी विद्यार्थ्यांनी आपला जुना सहाध्यायी आठवावा, आणि तो दूर असेल तर त्याला भेटून यावे. जे विद्यार्थी आज आपल्या वसतिगृहात राहत आहेत, त्यांनी रात्रीच्या अभ्यासाला बसताना शेजारी पाहावे. आपल्याला न सुटलेले गणित त्याला विचारावे आणि त्याला न कळलेले त्याला समजावून सांगावे. या वसतिगृहात सर्वांची पंगत एक आहे. साहांना जे मागूनही मिळाले नाही, ते येथे प्रत्येक मुलाला पहिल्या दिवसापासून मिळते. त्या पंगतीतून उठल्यावर आपण पुस्तकापुढेही एकत्र बसावे, हीच डॉ. मेघनाद साहा यांना खरी आदरांजली ठरेल.